कौंटी कोर्टाचे दप्तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती लागू पडत नाही. त्याने कोर्टाची पायरी अवश्य चढावी, आणि शक्य झाल्यास कोर्टाच्या तळघरातही उतरावे. तह, फर्माने, सेनापतींची पत्रे, कायदेमंडळांतील भाषणे ही इतिहासाची साधने आपल्या परिचयाची आहेत. ती टिकलीही आहेत, कारण ज्यांनी ती लिहिली त्यांच्यापाशी ती जपून ठेवण्याचे सामर्थ्य होते. परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांच्या घरी कागद ठेवावयास पेटी नव्हती, पुष्कळदा स्वतःच्या देहावरही ज्यांचा हक्क चालत नव्हता, अशांचा इतिहास कोठे शोधावयाचा? मनुष्य वादी, प्रतिवादी किंवा साक्षीदार म्हणून कोर्टापुढे उभा राहिला, की त्याचे नाव, गाव आणि गाऱ्हाणे कारकुनाला लिहून घ्यावेच लागते. एरवी ज्याची कोणी दखल घेतली नसती, त्याचे बोलणे असे कागदावर उतरते आणि दप्तरी दाखल होते.

श्रोतेहो, अशा दप्तरांपैकी एका दप्तराची आज ओळख करून घ्यावयाची आहे. ते म्हणजे अमेरिकेतील कौंटी कोर्टांचे दप्तर.

कौंटी हा तेथील संस्थानाचा, म्हणजे घटक राज्याचा, एक विभाग. आपल्या जिल्ह्याची आठवण व्हावी असाच तो आहे. पण पुष्कळ कौंट्या आपल्या जिल्ह्यांच्या मानाने लोकसंख्येने अगदी लहान. साऱ्या देशात अशा तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत. ही व्यवस्था इंग्रज वसाहतवाल्यांनी मायदेशाहून आणली आणि तिच्याबरोबर कौंटीचे न्यायालयही आणले. व्हर्जिनियातील नॉर्दॅम्प्टन कौंटीची न्यायालयीन कागदपत्रे १६३२ पासून अखंड आहेत, आणि त्या देशातील अशा अखंड दप्तरांत ती सर्वांत जुनी मानली जातात. म्हणजे आपल्याकडे शहाजी राजे निजामशाहीचा डोलारा सावरू पाहत होते, त्या काळापासून एका लहानशा किनारपट्टीवरील जमिनीचे, देण्याघेण्याचे आणि मालक-चाकरांचे तंटे तेथे ओळीने नोंदलेले आहेत.

या दप्तराची रचना समजली, की त्यात वाट सापडते. कोर्टाचा क्लार्क हा त्या दप्तराचा रखवालदार. त्याच्याकडे प्रथम पाहावयाची ती नावांची सूची. ती बहुधा दोन प्रकारची असते, एक वादींच्या नावांची व दुसरी प्रतिवादींच्या. सूचीवरून खटल्याचा क्रमांक मिळतो. पुढे डॉकेट म्हणून एक वही असते. तीत खटला केव्हा दाखल झाला, केव्हा तहकूब झाला आणि केव्हा निकालात निघाला, याच्या त्रोटक नोंदी असतात. तिच्या जोडीला कोर्टाची रोजची कार्यवाही टिपणारे इतिवृत्त. आणि या सर्वांच्या मागे खरा ऐवज, म्हणजे खटल्याचे मूळ कागद: फिर्याद, समन्स, साक्षी, जामीनकतबे, पंचांचा निर्णय, खर्चाचा हिशेब. जुन्या काळी हे कागद तीन घड्या घालून, फितीने बांधून, अरुंद खणांत दाबून ठेवीत. आपल्याकडील रुमालात बांधलेल्या दप्तराचाच तो भाऊ म्हणावयाचा. अभ्यासक पुष्कळदा सूची आणि निकाल पाहून परत फिरतो. पण निकाल हा खटल्याचा शेवट. माणसे भेटतात ती या घडीच्या कागदांत.

याचे उत्तम उदाहरण मिसूरी संस्थानातील सेंट लुईस शहराचे आहे. मिसूरीत गुलामगिरी कायदेशीर होती. परंतु तेथेच एक कायदा असाही होता, की आपणांस अन्यायाने गुलामीत ठेवले आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने स्वतःच्या मुक्ततेसाठी कोर्टात दाद मागावी. १८०७ साली, तो मुलूख संस्थान होण्यापूर्वीच, याचा पाया घातला गेला आणि १८२४ च्या कायद्याने त्याची रीत ठरली. अर्जात तथ्य दिसले तर अर्जदाराला निर्धन म्हणून दावा चालविण्याची परवानगी मिळे, कोर्ट त्याला वकील नेमून देई, आणि निकालापूर्वी त्याला हद्दीबाहेर नेऊ नये असा हुकूम मालकावर होई. दाव्याचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे होते. फिर्याद लिहावयाची ती मारहाणीची आणि बेकायदा अटकेची. मग मालकाने म्हणावयाचे, 'हा माझा गुलाम आहे, म्हणून मला तो अधिकार आहे'. आणि यावरून मूळ प्रश्नाचा निर्णय व्हावयाचा. दप्तराच्या वाटेने जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वातंत्र्याचा दावा पुष्कळदा स्वातंत्र्याच्या नावाखाली नोंदलेला नसतो. तो मारहाणीच्या फिर्यादीत दडलेला असतो.

६ एप्रिल १८४६ रोजी या कोर्टात दोन अर्ज आले. एक ड्रेड स्कॉटचा, दुसरा त्याची पत्नी हॅरिएट हिचा. ड्रेडला लिहिता येत नव्हते. अर्जाखाली त्याची सही नाही. फुलीची निशाणी आहे. लष्करातील एका डॉक्टराने त्याला इलिनॉय संस्थानात आणि पुढे फोर्ट स्नेलिंगच्या ठाण्यावर नेले होते. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीस कायद्याने बंदी होती. अशा मुक्त भूमीवर मालकानेच राहावयास नेलेला मनुष्य परत मिसूरीत आला तरी मुक्तच राहतो, असे मिसूरीचे वरिष्ठ न्यायालय १८२४ पासून मानीत आले होते. १८४७ च्या पहिल्या सुनावणीत पुराव्यातील एका उणिवेमुळे दावा फसला. १८५० च्या दुसऱ्या सुनावणीत ज्युरीने स्कॉट मुक्त असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर १८५२ साली मिसूरीच्या वरिष्ठ न्यायालयाने काळ बदलल्याचे कारण देऊन स्वतःचाच जुना दंडक मोडला. आणि ६ मार्च १८५७ रोजी वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की कृष्णवर्णी मनुष्य, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही.

हा शेवटचा निकाल अमेरिकेच्या प्रत्येक इतिहासात आहे. यादवी युद्धाच्या कारणांत त्याची गणना होते. पण त्या छापील निकालपत्रात हॅरिएट येते ती ड्रेडची बायको म्हणून. सेंट लुईसच्या दप्तरात ती स्वतः वादी आहे. तिचा अर्ज वेगळा, तिचा दावा वेगळा. १८५० साली उभय पक्षांनी असे ठरविले, की एकच दावा पुढे चालावा आणि त्याचा निकाल दुसऱ्यासही लागू व्हावा. त्या दिवशी हॅरिएटचे नाव मागे पडले. दोन मुलींची ही आई आपल्या पायांनी न्यायालयात आली होती, ही गोष्ट राजधानीच्या निकालपत्रावरून कळली नसती. ती कौंटीच्या कागदांनी राखली. पुढे मे १८५७ मध्ये स्कॉट कुटुंबाला त्यांच्या जुन्या धन्याच्या मुलाने रीतसर मुक्त केले. तेही याच कोर्टात नोंदले गेले. ड्रेड त्यानंतर जेमतेम सव्वा वर्ष जगला.

स्कॉटचा खटला गाजला, म्हणून त्याचे कागद शोधले गेले. इतर खटले मात्र खणांतच राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मिसूरीच्या पुराभिलेखागाराने कोर्टाच्या क्लार्कच्या सहकार्याने ही जुनी दप्तरे उलगडण्यास घेतली. कोळशाच्या काजळीने माखलेल्या घड्या हलक्या हाताने उघडावयाच्या, पुसावयाच्या, सपाट करावयाच्या, आणि प्रत्येक कागद वाचून त्याची नोंद करावयाची, असे ते चिकाटीचे काम होते. त्यातून १८१४ ते १८६० या काळात दाखल झालेले स्वातंत्र्याचे सुमारे तीनशे दावे उजेडात आले. ज्याला आपण एका असामान्य माणसाचा खटला समजत होतो, ती एक दीर्घ परंपरा होती. वाद घालणाऱ्या स्त्रियाही त्यांत पुष्कळ होत्या; कारण त्या कायद्यात मूल आईच्या स्थितीप्रमाणे गणले जाई, आणि आई मुक्त ठरली की मुलांची वाट मोकळी होई. २०२२ साली सेंट लुईसच्या न्यायालयाबाहेर या दावेदारांचे स्मारक उभे राहिले आणि त्यावर त्यांची नावे कोरण्यात आली. ती नावे घडीच्या कागदांतूनच आलेली आहेत.

या दाव्यांत पॉली नावाची एक स्त्री आहे. तिने १८३९ साली स्वतःसाठी दावा लावला. आणि १८४२ साली आपल्या अल्पवयीन मुलीसाठी, ल्यूसीसाठी, दुसरा. खटला चालेपर्यंत ल्यूसीने सतरा महिने तुरुंगात काढले. १८४४ साली ती सुटली. तिच्या बाजूने जे वकील उभे राहिले, त्या एडवर्ड बेट्स यांना पुढे लिंकन यांनी आपले ॲटर्नी जनरल नेमले. म्हातारपणी ल्यूसीने आपली कहाणी पुस्तकरूपाने छापली ती ल्यूसी डिलेनी या नावाने. परंतु डिलेनी हे तिला विवाहानंतर मिळालेले नाव. १८४२ च्या सूचीत 'डिलेनी' शोधणाऱ्याला ती सापडणे शक्य नाही. म्हणून दप्तराचा पहिला धडा असा, की माणसाचे त्या वेळचे नाव शोधावे. स्त्रीच्या बाबतीत तर माहेरचे, सासरचे आणि गुलामीत असेल तर धन्याचेही नाव पाहावे.

दुसरा धडा हद्दीचा आहे. आज सेंट लुईस कौंटीचे ठाणे क्लेटन या गावी आहे. पण १८७६ साली शहर कौंटीपासून वेगळे झाले आणि त्यापूर्वीचे दप्तर शहराच्या कोर्टाकडे राहिले. आजच्या नकाशावरून निघालेला शोधक सरळ चुकीच्या कचेरीत पोहोचेल. कौंट्या फुटल्या, नव्या झाल्या, त्यांची ठाणी हलली. कागद मात्र सहसा ज्या कोर्टात जन्मले तेथेच राहिले. म्हणून गाव आज कोणत्या कौंटीत आहे हे विचारून भागत नाही. घटना घडली त्या वर्षी ते कोणत्या कौंटीत होते, हे विचारावे लागते.

एकाच घटनेचे कागद दोन कौंट्यांत विभागलेले असतात, असेही घडते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी संस्थानात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाला रात्री घरातून ओढून नेऊन ठार मारण्यात आले. त्याला पळविले ते लफ्लोर कौंटीतून. त्याचे प्रेत सापडले ते टॅलाहॅची कौंटीत. खुनाचा खटला म्हणून टॅलाहॅचीतील समनर गावी चालला, आणि केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने सुमारे तासाभरात दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. त्या खटल्याच्या साक्षींचे टाचण पुढे नाहीसे झाले. २००४ साली तपास नव्याने सुरू झाल्यावर त्याची नकलेवरून केलेली एक नक्कल केंद्रीय तपास खात्याच्या हाती लागली. परंतु अपहरणाचे कागद समनरला असण्याचे कारणच नव्हते. जून २०२२ मध्ये शोधकांनी लफ्लोरच्या न्यायालयाचे तळघर धुंडाळले. तेथे एका खोक्यातील फाइलीत २९ ऑगस्ट १९५५ चे वॉरंट मिळाले. त्यात दोघा पुरुषांबरोबर त्यांतील एकाच्या पत्नीचेही नाव होते. पुरुषांना त्या वेळी पकडले गेले. तिच्यावर मात्र ते वॉरंट कधी बजावलेच गेले नाही. सदुसष्ट वर्षे तो हुकूम न बजावता पडून होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रँड ज्युरीने तिच्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला आणि २०२३ साली ती वारली. शिक्षा झाली नाही हे खरे. परंतु कायद्याचा हात कोठवर गेला होता आणि कोठे थांबविला गेला, याची साक्ष त्या कागदाने दिली. ती आता कोणाला पुसता येणार नाही.

कौंटीच्या दप्तरातील एक निवाडा आपल्या एका देशबांधवाच्याही पाठीशी उभा राहिला आहे. त्यांचे नाव ऐकताच मराठी श्रोता सावरून बसेल: सखाराम गणेश पंडित. ते अहमदाबादेत जन्मले, अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिसला वकिली करू लागले. परदेशीयास नागरिकत्व देण्याचे काम त्या देशात दीर्घकाळ स्थानिक न्यायालयेही करीत. म्हणून देशांतर करून आलेल्या असंख्य लोकांचे नागरिकत्वाचे कागद आजही कौंटीच्या दप्तरांत आढळतात. पंडितांना १९१४ साली लॉस एंजेलिस कौंटीच्या सुपीरियर कोर्टाने नागरिक करून घेतले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, ज्यात वकील स्वतः पंडितच होते, सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की हिंदी मनुष्य नागरिकत्वाच्या कायद्यातील 'गोरा' या शब्दात बसत नाही. त्यानंतर सरकारने अनेक हिंदी लोकांचे आधी दिलेले नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला. पंडितांवरही दावा आला. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याचे सार असे, की १९१४ चा हुकूम हा अधिकार असलेल्या कोर्टाचा अंतिम निवाडा आहे, आणि एकदा निकालात निघालेला प्रश्न पुन्हा उकरता येत नाही. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने यात हात घालण्यास नकार दिला. एका माणसाचे नागरिकत्व, त्याची वकिलीची सनद, त्याच्या घराचे स्थैर्य, हे सारे कौंटी कोर्टाच्या एका जुन्या हुकमावर तोलून राहिले होते.

असे कागद टिकतात कसे, आणि जातात कसे? जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत: आग, पूर, वाळवी, आणि जागा मोकळी करण्याचा उत्साह. सर्वांत कटू कथा व्हर्जिनियाची. यादवी युद्धात शत्रूसेनेच्या भयाने अनेक कौंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठविली. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडून जाताना लागलेल्या आगीत ती जळून गेली. ज्यांनी दप्तर घरीच ठेवले, त्यांच्यांतील काहींचे वाचले. कागद एकाच ठिकाणी गोळा करणे म्हणजे ते जपणे नव्हे, हे त्या राखेने शिकविले. अशा ठिकाणी शोधकाला आडवाटेने जावे लागते. वरिष्ठ न्यायालयात अपिलाबरोबर गेलेल्या नकला, शेजारच्या कौंटीतील दावे, वकिलांच्या खासगी वह्या, वर्तमानपत्रांतील जाहिराती, यांतून जळालेल्या दप्तराचा काही अंश परत जुळविता येतो.

टिकविण्याचे प्रयत्नही तितकेच मोठे झाले. मंदीच्या काळात बेकारांना काम द्यावे म्हणून अमेरिकन सरकारने १९३५ नंतर ऐतिहासिक दप्तरांची पाहणी सुरू केली. ती १९४२ पर्यंत चालली. पाहणी करणारे लोक कौंटी-कौंटीत हिंडले. तळघरांत, माळ्यांवर, तिजोऱ्यांत काय आहे, याच्या त्यांनी याद्या केल्या आणि त्यांतील पुष्कळ छापल्याही. त्या याद्या आजही वाटाड्याचे काम करतात. १९३८ पासून यूटा येथील वंशावळी अभ्यासणाऱ्या संस्थेने जुन्या कागदांच्या सूक्ष्मफिती घेण्यास आरंभ केला. आता त्या फितींतील बराच भाग संगणकावर घरबसल्या पाहता येतो. ही सोय मोठी आहे. पण तिच्यामुळे एक भ्रमही उत्पन्न होतो. संगणकावर सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे मानण्याचा. लफ्लोरचे वॉरंट कोणत्याही संगणकावर नव्हते. ते खोक्यात होते, आणि त्यासाठी कोणाला तरी जिना उतरावा लागला.

तेथे जाणाऱ्यास अधिकार कोणता? इंग्रजी परंपरेतून आलेल्या न्यायव्यवस्थेत कोर्टाचे कागद पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण हक्क लोकांना असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९७८ साली स्पष्ट शब्दांत मान्य केला. मात्र तो निरपवाद नाही, हेही त्याच वेळी सांगितले. दत्तकाची प्रकरणे, अल्पवयीनांचे खटले, न्यायाधीशांनी मोहरबंद केलेले कागद, यांना कुलूप असते. बाकीच्यांसाठी नाव, सुमारे वर्ष आणि कोर्टाचा प्रकार सांगावा, नकलेची फी भरावी, आणि क्लार्कशी सौजन्याने वागावे. कोर्टाचा प्रकार सांगणे विशेष महत्त्वाचे, कारण मृत्युपत्रे व वारसा एका कोर्टाकडे, दिवाणी दावे दुसऱ्याकडे, आणि गुन्हे तिसऱ्याकडे, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी असते. आणि अनेक संस्थानांत जुनी दप्तरे आता कौंटीत नसून राज्याच्या पुराभिलेखागारात गेलेली आहेत. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी एक पत्र टाकून विचारलेले बरे.

हे सारे ऐकताना आपल्या मनात आपलीच दप्तरे उभी राहिली असतील. मराठी मुलखाला न्यायाचे कागद नवे नाहीत. गोतसभेपुढे चाललेल्या वतनाच्या तंट्यांचे महजर, त्यांवरील पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या निशाण्या, सरकारातून मिळालेली निवाडपत्रे, यांच्याच आधाराने विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपला ग्रंथ १९५३ साली सिद्ध केला. त्या महजरांवर नांगराची निशाणी करणारा कुणबी आणि सेंट लुईसच्या अर्जाखाली फुली काढणारा ड्रेड स्कॉट यांच्यात सात समुद्रांचे अंतर असेल. पण दोघांनीही लिहिता येत नसताना आपले म्हणणे कागदावर ठेविले, आणि त्या कागदाने ते पुढच्या पिढ्यांपर्यंत आणून पोहोचविले.

आपल्या जिल्हा न्यायालयांच्या रेकॉर्ड रूममध्येही अशा निशाण्या असतील. जुने कागद नष्ट करण्याचे नियम आपल्याकडेही आहेत. तसा एक कायदा १९१७ सालीच झाला. सारेच कागद ठेवता येत नाहीत, हे मान्य. परंतु काय ठेवावे आणि काय टाकावे, याचा निर्णय केवळ फडताळाच्या लांबीवरून होऊ नये. तीनशे माणसांची नावे अरुंद खणांत दीडशे वर्षे वाट पाहू शकली, कारण कोणी ती फेकून दिली नाहीत. न्याय मिळणे पुष्कळदा न्यायाधीशाच्या हाती असते. पण न्याय मागितला गेला होता, एवढी आठवण राखणे हे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाच्या आणि ते उघडून वाचणाऱ्या वाचकाच्या हाती आहे.